रान, वावर आणि इब्री ‘मिदबार’

प्रश्न : आमच्या गावात दर रविवारी काही कुटुंबे एकत्र बसून मराठी बायबल वाचतात. मिसरातून (इजिप्तमधून) निघालेले इस्राएल लोक चाळीस वर्षे ‘रानात’ राहिले, असे त्यात येते. कुठे ‘अरण्य’ असेही वाचायला मिळते. मुलांच्या चित्रांत मात्र वाळूचे ढिगारे असतात, आणि आम्हाला रान म्हटले की साग, पळस नि तेंदू दिसतो. मग ते रान नेमके कसले आणि कुठले?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : मूळ इब्री शब्द ‘मिदबार’ असा आहे. दाट झाडीच्या जंगलाला त्या भाषेत ‘यअर’ हा निराळा शब्द असल्यामुळे साग आणि तेंदू बाजूला ठेवावे लागतील. वाळूचे ढिगारेही बहुतेक ठिकाणी गैरलागूच आहेत, कारण हा मुलूख मुख्यतः खडक, मुरूम, दरडी आणि विरळ झुडपांचा आहे. बायबलातील यिर्मयाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात मिदबारचे वर्णन ‘न पेरलेली भूमी’ असे आले आहे, आणि माझ्या मते या शब्दाची याहून नेमकी व्याख्या दुसरी नाही.

ही व्याख्या समजायला वैदर्भीय वाचकाला आपली बोली मदत करते. पश्चिम महाराष्ट्रात पेरलेल्या शेतालाही रान म्हणतात. आपल्याकडे पेरते ते वावर, आणि धुरा (बांध) ओलांडून गायकी (गुराखी) ढोरे घेऊन जातो ते रान. अमरावती विभागात ज्या सरकारी चराऊ जमिनीला ‘ई-क्लास’ म्हणतात किंवा नागपूरकडच्या महसुली दप्तरात ज्याची नोंद ‘झुडपी जंगल’ म्हणून असते, तशी ही जमीन डोळ्यांपुढे आणावी, फक्त पाऊस फार कमी करून. मिदबार ओसाड असला तरी निरुपयोगी नव्हता. पासष्टाव्या स्तोत्रात त्याच्या कुरणांचा उल्लेख आहे, आणि इस्राएलांना मिसरातून बाहेर काढणारा मोशे होरेब डोंगराशी पोहोचला तोही सासऱ्याची मेंढरे चारता चारता.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील नाबालाची हकिकत या दृष्टीने पुन्हा वाचावी. मावोन गावच्या या माणसाची ३,००० मेंढरे आणि १,००० शेरडे होती. घर गावात, कळप रानात, आणि लोकर कातरायच्या दिवसांत जेवणावळ, असा तो संसार होता. रानात दडून राहिलेल्या, पुढे राजा झालेल्या दावीदाची माणसे रात्रंदिवस आमच्याभोवती भिंतीसारखी होती, असे नाबालाचाच एक चाकर सांगतो. ज्याने उन्हाळ्यात वावरात मेंढ्या बसवल्या आहेत आणि रात्री लांडग्याच्या धास्तीने जागरण केले आहे, त्याला या वाक्याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

आता भूगोल. मिदबार हा एकच सलग प्रदेश नाही. मिसराच्या पूर्व सीमेबाहेर शूरचे रान, त्यापुढे सीनाय द्वीपकल्पात सिन आणि सीनाय, उत्तरेकडे पारान, आणि कादेश-बर्ण्याच्या बाजूला त्सिन. यांपैकी सिन आणि त्सिन ही दोन वेगळी राने असून मराठीत त्यांची हमखास गल्लत होते. होरेबापासून कादेश-बर्ण्यापर्यंतची वाट अकरा दिवसांची, असे बायबलातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या आरंभीच म्हटले आहे. म्हणजे चाळीस वर्षे अंतरामुळे लागली नाहीत. ती एका पिढीने पुढे कनान देशात जायला नकार दिल्यामुळे लागली, असे गणना हे पुस्तक सांगते. त्या पुस्तकाचे इब्री नावच ‘बमिदबार’, म्हणजे ‘रानात’, असे आहे.

यहूदाचे रान मात्र गावांना अगदी चिकटून होते. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे आणि तेथे वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो; तेथून पूर्वेस जेमतेम २५ किलोमीटरवर मृत समुद्र आहे, त्याची पातळी समुद्रसपाटीच्या ४०० मीटरहून अधिक खाली आहे, आणि त्याच्या काठी १०० मिलिमीटरही पाऊस होत नाही. भूमध्य समुद्रावरून आलेले ढग डोंगरमाथ्यावर रिते होतात आणि उतरणारा वारा तापत, कोरडा होत जातो. सह्याद्रीमागच्या माणदेशाची कथा थोडक्या अंतरात उरकावी, तसे हे घडते. त्यामुळे हिवाळी पावसानंतर काही आठवडे हिरवळ, आणि एरवी एन-गेदीसारखा एखादा झरा, एवढ्यावरच तेथील जगणे चाले.

म्हणूनच या शब्दाला दोन अर्थच्छटा आहेत. ‘अनुवाद’ पुस्तकात तो साप-विंचवांचा भयंकर मुलूख आहे, तर होशेयाच्या पुस्तकात देव आपल्या दुरावलेल्या प्रजेला तेथेच नेऊन तिच्या मनाशी बोलतो. ‘मिदबार’ आणि ‘दाबार’ म्हणजे शब्द, यांत द-ब-र ही अक्षरे सारखी आहेत, यावर प्रवचने बरीच होतात. पण व्युत्पत्तीबाबत अभ्यासकांत एकमत नाही, आणि मीखाच्या पुस्तकात ‘दोबेर’ हा शब्द कुरण या अर्थी येतो, तो मला अधिक जवळचा वाटतो.

एक उतारा मात्र आपल्या मंडळींना चैत्रात वाचून दाखवावा, तो ईयोबाच्या सहाव्या अध्यायातला आहे. माझे भाऊ नाल्यासारखे दगा देणारे निघाले, असे संकटात सापडलेला ईयोब म्हणतो. बर्फ वितळते तेव्हा तो गढूळ होऊन वाहतो, ऊन तापले की आटून जातो, आणि त्याच्या भरवशावर वाट सोडून आलेले तेमाचे तांडे कोरड्या पात्रापाशी येऊन थांबतात.