सहावा सेगमेंट आणि 29 जुलै

मालवण, 8 जुलै

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या यकृतात गाठ दिसल्याच्या सोनोग्राफीच्या अहवालाचा, काल रात्री पावणेबाराला तू पाठवलेला फोटो मी आज पहाटे पाहिला. 'इन्डिटरमिनेट' या शब्दाखाली तू पेनाने दोन रेघा ओढल्या आहेत आणि दुसरी रेघ कागद फाटेपर्यंत दाबून ओढली आहे, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. मुंबईच्या तज्ज्ञांनी 29 जुलैची वेळ दिली आहे, म्हणजे आजपासून बरोबर तीन आठवडे, आणि तोवर काय करायचे असे तू विचारले आहेस.

मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात 31 वर्षे फिल्म काढणारा, त्या धुणारा आणि शेवटची काही वर्षे सीटीच्या टेबलावर रुग्णांना निजवणारा माणूस आहे. त्यामुळे ती गाठ कसली आहे हे मी सांगणार नाही आणि "काही नसते गं, उगाच घाबरतेस" असेही म्हणणार नाही, कारण हे वाक्य मी आयुष्यात इतक्या जणांच्या तोंडून इतक्या जणांना सांगितलेले ऐकले आहे, की त्याने कोणाला झोप लागल्याचे मला आठवत नाही.

पहिली गोष्ट अशी, की तो अहवाल तुला लिहिलेला नाही. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी तो तुझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना, त्यांच्या आपसातल्या भाषेत लिहिला आहे, आणि दुसऱ्याच्या नावाचे पत्र मध्येच उघडून वाचणाऱ्याचा जो गोंधळ होतो तोच तुझा झाला आहे. 'यकृताचा सहावा सेगमेंट' वाचून तू 'म्हणजे सहावी पायरी का?' असे विचारले आहेस. तसे अजिबात नाही. क्विनो नावाच्या फ्रेंच शल्यविशारदाने 1957 मध्ये यकृताचे आठ भाग पाडून त्यांना आकडे दिले. सहावा सेगमेंट हा त्यातला उजवीकडचा खालचा भाग. तो गाठीचा पत्ता आहे, तिची प्रतवारी नव्हे. 'लीजन' म्हणजे आजूबाजूच्या भागापेक्षा वेगळी दिसणारी जागा. पाण्याची पिशवी, रक्तवाहिन्यांचा गुंता, जुना वण आणि कर्करोग या सगळ्यांना सोनोग्राफीच्या भाषेत सुरुवातीला हा एकच शब्द आहे. आणि ज्या शब्दाने तू कागद फाडलास, त्याचा अर्थ 'वाईट' असा नसून 'या तपासणीने ठरवता येत नाही' एवढाच आहे. म्हणून तर खाली ट्रायफेजिक, म्हणजे तीन टप्प्यांत चित्रे घेणारे, सीटी सुचवले आहे. 'क्लिनिकल कोरिलेशन' हेही तसेच: चित्र एकटे वाचू नका, रुग्णाला समोर बसवून वाचा.

तुझ्या वयात, ज्याला आधीचा यकृताचा आजार नाही अशा माणसात, अशा अचानक सापडलेल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात, आणि त्यांत रक्तवाहिन्यांची गाठ, म्हणजे हिमॅन्जिओमा, सर्वांत जास्त आढळते. स्त्रियांमध्ये तर अधिकच. बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हेत, हेही मी त्याच वाक्यात लिहून ठेवतो. तज्ज्ञांकडे जायचे ते त्या उरलेल्यांसाठी.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती मी फार थोड्यांना सांगितली आहे. 2004 साली महिनाभर खोकला हटेना म्हणून मीच सहकाऱ्याकडून छातीची फिल्म काढून घेतली आणि डार्करूममध्ये स्वतःच धुतली. फिक्सरमधून काढलेली, पाणी निथळणारी ती फिल्म मी लाल दिव्यापुढे धरली आणि उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात सुपारीएवढी पांढरी जागा मला डॉक्टरांच्या आधी दिसली. शेकडो जणांच्या फिल्मवर तशी जागा पाहिलेली असल्यामुळे त्यातून काय काय निघू शकते ते मला पाठ होते, आणि तेच माझे दुर्दैव ठरले. कोल्हापूरच्या तज्ज्ञांची वेळ 17 दिवसांनी मिळाली. त्या 17 रात्रींपैकी किती रात्री मी स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटपुढे ती फिल्म धरून उभा राहिलो असेन, याचा हिशेब तुझ्या काकूकडे आहे. रोज ती जागा मला कालच्यापेक्षा मोठी दिसे. फिल्म तर तीच होती, तरीही!

कोल्हापूरला डॉक्टरांनी फिल्म पाहिली आणि पहिलाच प्रश्न केला, "जुनी फिल्म आहे का?" जन्मभर प्रत्येक रुग्णाला "जुने कागद घेऊन या" म्हणून दटावणारा मी रिकाम्या हातांनी गेलो होतो. 1998 मध्ये न्यूमोनिया झाला तेव्हाची फिल्म घरी माळ्यावर होती. परत येऊन ती शोधली तर तिचा एक कोपरा कापलेला. 1999 च्या ऑगस्टमधले सूर्यग्रहण पाहण्यासाठी माझ्या मुलांनी तो नेला होता. (एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण पाहणे डोळ्यांना धोक्याचे असते, आमच्याकडे सुदैवाने ढगांनीच ग्रहण झाकले.) कोपरा खालचा होता म्हणून निभावले. सहा वर्षांपूर्वीच्या त्या फिल्मवर तीच जागा, तेवढ्याच आकाराची, तशीच बसलेली होती: कधीतरी न कळत होऊन गेलेल्या क्षयाचा वण. दुसरी फेरी, दुसरी रजा आणि मधले आणखी नऊ दिवस हे सारे मी माझ्या हाताने ओढवून घेतले होते.

म्हणून तुझे पहिले काम हे, की आजवर पोटाची जी जी तपासणी झाली असेल ती शोध. कॉलेजात असताना पोटदुखीसाठी तुझी सोनोग्राफी झाली होती असे तुझ्या आईने एकदा सांगितल्याचे मला आठवते. तो कागद सापडला आणि त्यात यकृत स्वच्छ लिहिलेले असो की गाठ तेव्हाही असो, दोन्हींचा तज्ज्ञांना उपयोग आहे. नुसता अहवाल नेऊ नकोस. फिल्म आणि सीडीही ने, कारण मोठा डॉक्टर दुसऱ्याने लिहिलेल्या ओळींपेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी चित्र पाहणे पसंत करतो.

दुसरे काम उद्याच कर. तज्ज्ञांच्या दवाखान्यात फोन करून विचार, की ट्रायफेजिक सीटी येण्याआधी करून आणायचे, की ते पाहून सांगतील. काही जण थेट एमआरआय सांगतात, मग सीटीचा खर्च वाया जातो. करून या म्हणाले तर आधी रक्तातले क्रिएटिनिन तपासावे लागेल, कारण शिरेतून द्यायचे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. गाठीच्या रक्तचाचण्या, ज्यांना ट्यूमर मार्कर म्हणतात, त्या मात्र लॅबच्या जाहिराती पाहून स्वतःहून करू नकोस. इतर साध्या कारणांनीही त्यांचे आकडे वर जातात आणि मग एका काळजीच्या जागी दोन काळज्या होतात.

त्या सीटीची तुला भीती वाटते आहे, म्हणून आत काय होते ते सांगून ठेवतो. यकृताला रक्त दोन वाटांनी येते: साधारण पाव हिस्सा धमनीतून आणि उरलेले आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून. औषध दंडाच्या शिरेत सोडल्यावर ते आधी एका वाटेने आणि मग दुसऱ्या वाटेने पोचते, म्हणून थोड्या थोड्या अंतराने तीन वेळा चित्रे घेतात. औषध जाताना घशापासून ओटीपोटापर्यंत एकदम ऊब पसरते, तोंडाला धातूची चव येते आणि कपड्यांत लघवी झाली की काय असे वाटते. झालेली नसते. हे आधी न सांगितल्यामुळे कित्येक बायका टेबलावर लाजेने रडताना मी पाहिल्या आहेत. हिमॅन्जिओमा असेल तर पडद्यावर औषध आधी तिच्या कडेकडेने थेंबाथेंबाने दिसते आणि मग सावकाश आत भरत जाते. असे दिसले, की आमच्या खोलीत कोणी न बोलताही हवा हलकी व्हायची.

आता घराबद्दल. 1 जूनपासून मासेमारी बंद, होडी शाकारलेली, वडील आणि दोन्ही भाऊ दिवसभर पडवीत. एरवी तुझ्याकडे पाहायला ज्यांना सवड नसते ते सगळे आता तुझ्या ताटातला भात मोजत बसले आहेत, असे तू लिहिलेस ते वाचून हसू आले आणि वाईटही वाटले. त्यातून आईने "कोणाक सांगू नको" म्हणून शपथ घातली, कारण दिवाळीनंतर स्थळे पाहायची आहेत. तुझ्या आईवर मी रागावणार नाही. आपल्या वाडीत सकाळी निघालेली गोष्ट संध्याकाळी कोणत्या रूपात परत येते हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण वाडीपासून लपवणे वेगळे आणि घरातल्यांपासून लपवणे वेगळे. वडिलांना तारीख, तपासणीचे नाव आणि खर्च हे तिन्ही स्पष्ट सांग. अर्धवट कळलेला बाप जास्त घाबरतो. आणि घराबाहेरची एकच व्यक्ती निवड, जिला रात्री फोन करता येईल आणि जी उलटून "मग काय कळले?" असे रोज विचारणार नाही.

आजी ग्रामदेवतेला कौल लावणार आहे, तर लावू दे. मीही 2004 मध्ये गाऱ्हाणे घातले होते आणि त्याने मला बरे वाटले होते. मात्र कौल काहीही येवो, 29 तारीख हलवायची नाही, एवढे आजीकडून आधीच कबूल करून घे. दुसऱ्या बाजूला, काविळीवर देतात ते गावठी औषध किंवा 'यकृत साफ करणारा' कोणताही काढा या तीन आठवड्यांत घेऊ नकोस. निर्धोक समजल्या जाणाऱ्या गुळवेलीनेही यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात नोंदवले आहेत. तुझे रक्ताचे अहवाल त्या काढ्याने बिघडले, तर दोष गाठीचा की काढ्याचा हे ठरवण्यात आणखी महिना जाईल. घेतलेल्या सर्व औषधांची यादी कर आणि गणपतीत पाळी पुढे ढकलण्यासाठी किंवा ती नियमित होण्यासाठी घेतलेल्या हार्मोनच्या गोळ्याही संकोच न करता त्यात लिही. यकृताच्या एका प्रकारच्या गाठीचा हार्मोनच्या काही गोळ्यांशी संबंध असतो, म्हणून डॉक्टर ते विचारतीलच, आणि आई शेजारी बसलेली असताना ऐनवेळी आठवण्यापेक्षा कागद पुढे करणे सोपे.

अहवाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या कपाटात ठेव आणि किल्ली तिच्याकडे दे. मोबाइलमधला फोटोही काढून टाक. माझ्याकडे आहे तो पुरे. प्रश्न सुचले की वहीत लिही. दिवेलागणीनंतर वही बंद.

वाट पाहायची नाही, अशीही काही लक्षणे आहेत. डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप आला, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास झाली, पोटात एकाएकी असह्य दुखू लागले किंवा चक्कर येऊन पडलीस, तर 29 तारखेचा विचार न करता त्याच तासाला जवळच्या रुग्णालयात जा. तिथून बांबोळीला, म्हणजे गोव्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, न्या म्हणाले तर बांबोळीला जा. आपल्याकडे 'बांबोळी' हा शब्द ऐकूनच माणसे रडू लागतात, पण तिथे नेलेली असंख्य माणसे चालत परत आलेली आहेत.

तिकीट 29 चे काढू नकोस, 27 चे काढ. कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात आणि दरड आली तर सारेच थांबते. जुलै 2024 मध्ये दिवाणखवटीजवळ दरड आली तेव्हा कणकवलीहून निघालेली माझी भाची रात्रभर डब्यात बसून होती. दादरला उतरल्यावर एक दिवस विश्रांतीला मिळाला तर काही बिघडत नाही. तुझ्याबरोबर वडिलांनी यावे असे मला वाटते. 31 जुलैपर्यंत त्यांना समुद्रात जायचेच नाही, आणि डॉक्टर बोलत असताना आपल्याला निम्मेच ऐकू येते, म्हणून दुसरी कानांची जोडी लागते.

तुझा,
काका

ता. क. सीटीच्या दिवशी नाडीची सलवार घाल. चेन, हूक किंवा कमरेची साखळी असेल तर ते चित्रात पांढऱ्या काट्यांसारखे उमटते आणि नेमका सहावा सेगमेंट झाकू शकते. उपाशी किती वेळ राहायचे ते सेंटरला फोनवर विचारून घे आणि दम्याचा किंवा कसल्या ॲलर्जीचा त्रास कधी झाला असेल तर तोही तेव्हाच सांग.