शॉर्ट सेलला चार ऑफर आल्यात, कोणती धरू?

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. नवऱ्याची नोकरी गेली, हप्ते थकलेत. घरावर ६ लाख १० हजार डॉलर कर्ज आहे, तेवढी किंमत येत नाही म्हणून शॉर्ट सेलला, म्हणजे बँकेच्या संमतीने कर्जापेक्षा कमी किमतीत विकायला टाकलंय. आठवड्यात चार ऑफर आल्या, सगळ्यात मोठी ५ लाख ४० हजारची पण लोन काढून, आणि एक ५ लाख १५ हजारची पूर्ण कॅश. एजंट म्हणतो चारही बँकेकडे पाठवू, त्यांनाच ठरवू दे. तसं करावं का? आणि आम्हाला यातला एक डॉलर मिळणार नाही, मग आम्ही डोकं का लावायचं?

उत्तर: ताई, डोकं लावाच, कारण थकलेल्या हप्त्यांपायी बँकेने घराचा लिलाव करायच्या आत व्यवहार पार पडला नाही तर भोगायचं तुम्हालाच आहे.

घर अजून तुमचंय, सही तुमची. बँक फक्त एवढंच बघते की कमी पैसे घेऊन कर्जाचा बोजा उतरवायचा का. चार ऑफर एकदम गेल्या की फाइल गोंधळते आणि आठवडे वाया जातात, म्हणून चौघांनाही एक तारीख देऊन शेवटचा आकडा मागवा, त्यातली एक निवडा, तीच पाठवा, दुसरीला लेखी बॅकअप ठेवा. दोघांना बॅकअपची अट न लिहिता सही देऊन बसू नका हं, दोन करार होतील! मात्र नंतर मोठी ऑफर आली तर बँकेला कळवावी लागते का, हे एजंटला आधीच लेखी विचारायला सांगा.

आता कोणती. बँक आपला माणूस पाठवून घराची किंमत काढते. ती समजा ५ लाख २० हजारच्या आसपास निघाली तर ५ लाख ४० वाल्याचं लोन अप्रेझलला, म्हणजे त्याला लोन देणाऱ्याने केलेल्या किंमत-तपासणीला अडकू शकतं, आणि कॅशवाल्याला बँक थोडं वाढवायला सांगेल. मी तर आकड्याआधी हे बघते की थांबणार कोण. मंजुरीला महिनोन्महिने लागतात, खरेदीदार कंटाळून दुसरं घर घेतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून, हे फार बघितलंय. ज्याने डिपॉझिट लगेच एस्क्रोत (व्यवहार होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थाकडे) भरायची तयारी दाखवली आणि थांबायची मुदत लिहून दिली, त्याला झुकतं माप द्या. नातेवाइकाच्या नावाने घेऊन तिथेच राहायचा विचार मनात असेल तर सोडा, आपसात संबंध नाही असं प्रतिज्ञापत्र बँका घेतात.

दुसरं कर्जही असेल तर त्या बँकेचीही लेखी संमती लागते. कॅलिफोर्नियात २०११ च्या कायद्याने, संमती देणारी बँक उरलेली रक्कम नंतर तुमच्याकडे मागू शकत नाही, तरी मंजुरीच्या पत्रात ते वाक्य शोधा. माफ झालेल्या रकमेवर टॅक्स लागेल का ते सीपीएला (तिथल्या सीएला) विचारा. आणि लिलावाची तारीख लागलीय का हे आजच विचारा, शॉर्ट सेलची फाइल चालू आहे म्हणजे लिलाव थांबलाच असं धरून बसू नका, बँकेकडून लेखी घ्या.