विजेतेपद मिळवलेली ड्रॅगस्टर ऑनलाइन लिलावात काढावी का?

सप्रेम नमस्कार.

इंडियानातून आपण कळवले आहे की, 2021 साली 58,000 डॉलरना घेतलेली आणि सुपर कॉम्प वर्गात आपल्याला विभागीय विजेतेपद मिळवून देणारी ड्रॅगस्टर (सरळ ट्रॅकवरच्या छोट्या अंतराच्या शर्यतीची गाडी) याच नोव्हेंबरात, राखीव किंमत (जिच्याखाली गाडी विकायची नाही असा आकडा) न ठेवता, ऑनलाइन लिलावात काढायची; त्या पैशातून घरावरचे 38,000 डॉलरचे कर्ज फेडायचे आणि उरलेली रक्कम मुलीच्या कॉलेजसाठी 529 खात्यात (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) टाकायची, असा आपला बेत आहे. ओळखीतल्या एका रेसरने 52,000 देऊ केले आहेत. विजेतेपदामुळे आपली अपेक्षा मात्र 65,000 ची आहे. गाडी विकण्याचा निर्णय मला पटतो. अपेक्षित किंमत आणि राखीव किंमत न ठेवणे, या दोन गोष्टी पटत नाहीत.

एनएचआरए या अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या या वर्गात पाव मैलाचे अंतर 8.90 सेकंदांच्या शक्य तितके जवळ राहून कापायचे असते आणि त्याहून लवकर पोहोचणारा ‘ब्रेकआउट’मुळे (ठरलेली वेळ मोडल्यामुळे) सहसा हरतो. म्हणजे इथे नुसता वेग कामाचा नाही. जिंकणे ठरते ते सुटतानाच्या अचूकतेवर आणि थ्रॉटल स्टॉपच्या (इंजिनची ताकद काही काळ रोखणाऱ्या उपकरणाच्या) जुळणीवर, आणि या दोन्ही गोष्टी गाडीसोबत विकल्या जात नाहीत. जाणकार खरेदीदार विजेतेपदाचे कौतुक जरूर करील, पण इंजिन शेवटचे उघडल्यापासून किती पास (ट्रॅकवरच्या धावा) झाले, चॅसिसच्या प्रमाणपत्राची तीन वर्षांची मुदत कधी संपते, सुरक्षापट्ट्यांवर कोणती तारीख आहे, हे पाहूनच तो बोली लावील. हे सारे तपशील, टाइमस्लिपांच्या (प्रत्येक धावेच्या वेळेच्या छापील चिठ्ठ्यांच्या) छायाचित्रांसह, आपण दिले तर 55,000 च्या आसपासची किंमत मी धरून चालेन. (शर्यत जिंकून मिळवलेला एनएचआरएचा ‘वॉली’ चषक मात्र घरीच ठेवावा.)

आता करासंबंधी, कारण आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटच्या ओळीत होते. गाडी आपल्या एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर आहे आणि हिशेबनिसांनी पहिल्याच वर्षी तिचा शंभर टक्के घसारा (झिजेपोटीची करवजावट) घेतला आहे. त्यामुळे करखात्याच्या दृष्टीने गाडीची हिशेबातील किंमत आता शून्य आहे आणि आपल्याला जो ‘तोटा’ वाटतो, तो प्रत्यक्षात पूर्ण करपात्र उत्पन्न आहे. त्यावर भांडवली नफ्याचा सवलतीचा दर लागत नाही, तर पगाराला लागतो तोच दर लागतो. खरेदीदाराकडून हप्त्यांनी पैसे घेतले तरी सुटका नाही, कारण घसाऱ्यापोटीचे उत्पन्न विक्रीच्याच वर्षी धरले जाते. 55,000 वर संघीय, राज्य आणि काउंटी मिळून सुमारे 15,000 डॉलर बाजूला ठेवावे लागतील. हाती उरतील 40,000, म्हणजे कर्ज फेडल्यावर जेमतेम 2,000.

राखीव किंमत न ठेवल्यास बोली लावणारे वाढतात, हे लिलाव कंपनीचे म्हणणे खोटे नाही. परंतु कंपनीला गाडी विकली जाण्यात रस आहे आणि आपल्याला किमतीत. 52,000 ची मागणी हातात असताना त्याखाली जाण्याचा धोका का पत्करावा? मी 54,000 राखीव ठेवीन. खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्कही तो आपल्या बोलीतून वजा करूनच आकडा टाकतो, हे लक्षात असू द्यावे. बोली 54,000 पर्यंत पोहोचली नाही, तर त्या रेसरला फोन करावा.

वेळेचे म्हणाल तर पत्नीचे उत्पन्न पुढील वर्षी घटणार असल्याने आपला कराचा टप्पा 24 वरून 22 टक्क्यांवर येईल आणि सुमारे 1,100 डॉलर वाचतील. उलट 8.5 टक्के दराने तीन महिन्यांचे व्याज 800 च्या घरात जाईल, आणि हे कर्ज घराच्या दुरुस्तीसाठी नसून गाडीसाठी घेतलेले असल्यामुळे त्या व्याजावर गृहकर्जाची वजावटही नाही. केवळ करासाठी थांबण्याइतका हा फरक मोठा नाही. पण आपल्याकडच्या थंडीत ट्रॅक बंद असतात आणि मार्चच्या आधी गाडी शोधणारे जानेवारी–फेब्रुवारीतच जागे होतात, म्हणून मी फेब्रुवारीचा लिलाव निवडीन; मग कराचा हप्ता 15 एप्रिलला भरावा. विक्रीपत्र एलएलसीच्या नावाने आणि चॅसिस क्रमांकासह करावे, आणि रक्कम बँकेत पक्की जमा झाल्याखेरीज गाडी ट्रेलरवर चढवू देऊ नये.

529 खात्यासाठी विक्रीच्या पैशांची वाट पाहू नये. टायर, इंधन, प्रवेशशुल्क आणि कर्जाचा हप्ता यांवर आजवर दरमहा जाणारी रक्कम मार्चपासून मोकळी होईल. तीच त्या खात्यात आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला आताच देऊन ठेवावी.