2000 वॉटची इंडक्शन शेगडी घेतली तर बिल किती वाढेल? गॅसपेक्षा स्वस्त पडेल का?

चौघांचं घर, महावितरणचं कनेक्शन, आणि शेगडीवर 2000 वॉट लिहिलंय म्हणून तुम्ही धास्तावला आहात. त्या आकड्याला घाबरू नका. शेगडी जास्तीत जास्त किती वीज ओढेल एवढंच तो सांगतो. 2000 वर आपण फार तर पाणी उकळतो, आणि एक लिटर पाणी उकळायला युनिटचा (1000 वॉट तासभर चाललं की एक युनिट) साधारण दहावा भाग पुरतो.

आमच्याकडे पोळ्या गॅसवरच होतात, फुलका इंडक्शनवर फुगत नाही. बाकीचा हिशेब असा: कुकर शिट्टी येईपर्यंत 1500 वर दहा मिनिटं, मग 600 वर आठ, म्हणजे 0.33 युनिट. दोन वेळचा चहा 0.28, भाजी 0.25, लिटरभर दूध 0.12. दिवसाला एक युनिट, महिन्याला तीस.

खरा प्रश्न पुढे आहे: हे तीस युनिट तुमच्या बिलात कुठे जाऊन बसतात? शंभर युनिटांपर्यंतचा दर वेगळा, 101 ते 300 चा वेगळा, आणि दुसऱ्या टप्प्यातला वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून जास्त असतो. त्यावर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोचवण्याचे युनिटमागे पैसे, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. गेल्या काही वर्षांचे दर धरले तर पहिल्या टप्प्यात युनिट साधारण सात रुपयांना पडतं, दुसऱ्यात तेराच्या आसपास. स्थिर आकार यात धरू नका, तो शेगडी नसली तरी भरावाच लागतो. म्हणजे आज तुमचा वापर 65 युनिट असेल तर बिल दोनशे-सव्वादोनशेने वाढेल. 150 असेल तर तीच शेगडी, तोच स्वयंपाक, आणि वाढ जवळपास चारशेची. पंखे-कूलर जोरात चालू असतात त्या उन्हाळ्यात हे जास्त जाणवतं.

गॅसशी तुलना करायची तर 14.2 किलोचा सिलिंडर जेवढं शिजवतो, तेवढ्याला इंडक्शनवर अंदाजे 140 युनिट लागतात. गॅसची बरीच आच भांड्याच्या बाजूने निसटते, हे त्यात धरलंय. तेव्हा तुमच्या सिलिंडरची किंमत भागिले 140 करा. उत्तर तुमच्या टप्प्याच्या दरापेक्षा कमी आलं तर गॅस स्वस्त. माझ्या मते शंभर युनिटांच्या आतल्या घरात फारसा फरक पडत नाही, त्यापुढे गॅसच परवडतो. छतावर सोलर असेल आणि वीज उरत असेल तर मात्र खुशाल इंडक्शन वापरा.

माझ्या आकड्यांवर विसंबायचं नसेल तर घरातलं बाकी सगळं, फ्रिजसुद्धा, बंद करून फक्त शेगडी चालवा आणि मीटरवरचा लाल दिवा मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. एका युनिटला किती वेळा, ते मीटरवर छापलेलं असतं. अनेक मीटरांवर 3200 असतं. तसं असेल तर मिनिटाला 64 वेळा म्हणजे 1200 वॉट. हे मोठ्या आचेवरच मोजा, कारण बऱ्याच स्वस्त शेगड्या 300 वर ठेवल्या की काही सेकंद जोरात चालतात, काही सेकंद बंद राहतात, आणि मोजणी फसते.

आणि प्लग 16 अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा. 2000 वॉटला पावणेनऊ अँपिअर लागतात, मिक्सरचं 6 अँपिअरचं सॉकेट त्यात तापून वितळू शकतं.