डेटा बदलला, मग स्क्रीन का नाही?

प्रश्न : आयफोन अ‍ॅपमध्ये कामांची यादी आहे. डेटा साठवायला कोअर डेटा आणि स्क्रीन काढायला स्विफ्टयूआय वापरतो. काम उघडून नाव बदलतो, सेव्ह करून मागे येतो, तर यादीत जुनंच नाव. अ‍ॅप बंद करून उघडलं की नवं दिसतं. सेव्ह फसतंय का?

उत्तर : नाही. अ‍ॅप उघडल्यावर नवं नाव दिसतं, म्हणजे सेव्ह नीट झालंय. बदलाचा निरोप मात्र यादीतल्या ओळीपर्यंत पोचत नाही. ओळीच्या व्ह्यूमध्ये (स्क्रीनचा तेवढा तुकडा काढणाऱ्या कोडमध्ये) तुम्ही तो ऑब्जेक्ट, म्हणजे कामाची नोंद, बहुधा साध्या ‘लेट’ने (बदलांवर लक्ष न ठेवणाऱ्या स्थिरांकाने) घेतला असणार. कोअर डेटाचे ऑब्जेक्ट क्लासचे असतात, त्यामुळे व्ह्यूच्या हाती फक्त त्यांचा पत्ता असतो. आतलं नाव बदललं तरी पत्ता तोच राहतो. स्विफ्टयूआय तुलना करतं, तेव्हा त्याला काहीच बदललेलं दिसत नाही आणि ते ओळ तशीच ठेवतं.

ओळीचा वेगळा व्ह्यू करा आणि त्यात ऑब्जेक्ट ‘ऑब्झर्व्हड ऑब्जेक्ट’ म्हणून घ्या. मॅनेज्ड ऑब्जेक्ट (कोअर डेटाचा ऑब्जेक्ट) बदलाआधी स्वतःच निरोप धाडतो, फक्त ऐकणारं कोणी हवं. पुष्कळ जण इथे यादीचा आयडी बदलून सगळी यादी नव्याने उभी करतात. कृपा करून ते टाळा. वाचणाऱ्याची स्क्रोलची जागा जाते, अ‍ॅनिमेशन तुटतं आणि खरी चूक तशीच राहते.

आयओएस 17 पासून (2023) आलेल्या स्विफ्टडेटात (कोअर डेटाच्या नव्या पर्यायात) हा त्रास नाही. तिथे व्ह्यू ऑब्जेक्टची जी प्रॉपर्टी (उदा. नाव) वाचतो तिच्यावर आपोआप लक्ष ठेवलं जातं, त्यामुळे ‘लेट’ चालतं.

प्रश्न : माझ्या यादीत कामांचे गट आहेत. गटाच्या ओळीत ‘पूर्ण झालेली कामं’ असा आकडा दाखवते. कामावर टिक केली की आकडा हलत नाही. ऑब्झर्व्हड ऑब्जेक्ट लावलंय.

उत्तर : तुमची ओळ गटाचं ऐकते आणि बदल झालाय कामात. नात्यातल्या ऑब्जेक्टची प्रॉपर्टी बदलली तर गटाला त्याचा निरोप जात नाही. आकड्यासाठी छोटा व्ह्यू करा आणि त्यात कामांचीच फेच रिक्वेस्ट (डेटा मागणारी विनंती) ठेवा, ‘हा गट आणि पूर्ण झालेली’ या अटीसह. गटाच्या वतीने हाताने निरोप पाठवताही येतो, पण मग टिक करण्याच्या प्रत्येक जागी ते आठवणीने लिहावं लागतं आणि एक जागा हमखास राहते.

प्रश्न : सर्व्हरवरून आलेला डेटा कोअर डेटाच्या बॅकग्राउंड कॉन्टेक्स्टमध्ये (पडद्यामागे बदल करायच्या जागेत) सेव्ह होतो, स्क्रीन जुनीच.

उत्तर : मुख्य कॉन्टेक्स्टवर (स्क्रीन ज्यातून वाचते त्यावर) ‘ऑटोमॅटिकली मर्जेस चेंजेस फ्रॉम पॅरेंट’ चालू करा, ते मुळात बंद असतं. बॅच अपडेट (अनेक नोंदी एकदम बदलणं) वापरत असाल तर एवढ्याने भागणार नाही. बॅच अपडेट कॉन्टेक्स्टला वळसा घालून थेट स्टोअरमध्ये (साठवलेल्या डेटाबेसमध्ये) लिहितं. बदललेल्या ऑब्जेक्टचे आयडी निकालात मागून घ्या आणि ते स्वतः मुख्य कॉन्टेक्स्टमध्ये मर्ज करा.

प्रश्न : अँड्रॉइडवर रूम ही डेटाबेसची लायब्ररी वापरतो. डीएओमधून (क्वेरी लिहायच्या जागेतून) फ्लो, म्हणजे बदलत्या निकालांचा प्रवाह, मिळतो, पण भलतीच नोंद बदलली तरी स्क्रीन पुन्हा काढली जाते. उलट एका ठिकाणी बदल होऊनही काहीच हलत नाही.

उत्तर : पहिलं रूमच्या घडणीतच आहे. ते लक्ष ठेवतं टेबलावर, ओळीवर नाही. टेबलात कुठेही काही लिहिलं की क्वेरी पुन्हा चालते. फ्लोवर ‘डिस्टिंक्ट अन्टिल चेंज्ड’ लावा, म्हणजे तोच निकाल दुसऱ्यांदा पुढे जाणार नाही. यासाठी एंटिटी (टेबलातल्या नोंदीचा क्लास) कोटलिनची डेटा क्लास असावी, नाहीतर तुलना मजकुराची न होता पत्त्यांची होते.

दुसऱ्यासाठी आधी डेटाबेसची बांधणी तपासा. रूमच्या डेटाबेसची दोन इन्स्टन्स (दोन वेगळे ऑब्जेक्ट) तयार झाली असतील, तर एकातून लिहिलेलं दुसऱ्याला कळत नाही. सगळीकडे वापरायला एकच इन्स्टन्स (सिंगलटन) ठेवा. तिथेही सगळं ठीक असेल तर रीसायकलर व्ह्यूचा, म्हणजे स्क्रीनवरच्या यादीला डेटा पुरवणारा, अ‍ॅडॅप्टर पाहा. यादीतल्या ऑब्जेक्टचीच प्रॉपर्टी बदलून तीच यादी परत दिली, तर जुनं आणि नवं एकच ठरतं आणि डिफयूटिलला (दोन याद्यांची तुलना करणाऱ्या साधनाला) फरक सापडत नाही. मूळ ऑब्जेक्टला हात न लावता ‘कॉपी’ने नवा करा, डेटाबेसमध्ये लिहा आणि यादी फ्लोकडूनच येऊ द्या.