जुन्या धाटणीच्या उडत्या तबकडीचं किट: खरी मेहनत कडेच्या सांध्यावर

तुम्ही विचारलंय की लिंडबर्ग या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीचं उडत्या तबकडीचं जुनं प्लॅस्टिक किट मिळालंय, भाग मोजकेच आहेत, तर ते नुसतं जोडण्यापलीकडे त्यात काय करता येईल? भरपूर करता येईल.

हे किट मुळात 1952 चं. त्याच वर्षी जुलैत वॉशिंग्टनच्या विमानतळाच्या रडारवर अनोळखी ठिपके दिसले होते आणि अमेरिकेत तबकड्यांची चर्चा शिगेला पोचली होती. त्या काळातली कल्पनेतली तबकडी म्हणजे गुळगुळीत, चकचकीत धातू. म्हणून माझं मत विचाराल तर नळ्या, खाचा, गंज असलं काही चिकटवू नका. गुळगुळीतपणा हाच तिचा साज आहे, आणि तो साधणं सोपं नाही.

विमानाच्या मॉडेलमध्ये बरेच सांधे पंखाखाली किंवा रंगाच्या पट्ट्यांत झाकले जातात. इथे वरची आणि खालची थाळी जुळते तो सांधा पूर्ण कडेने फिरतो आणि नजर आधी तिथेच जाते. प्लॅस्टिक सिमेंट (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा गोंद) लावून थाळ्या जरा दाबून धरा, म्हणजे विरघळलेलं प्लॅस्टिक किंचित बाहेर येतं. ते दोन-तीन दिवस कडक होऊ द्या, मग 400 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा, पुढे त्याहून बारीक 800, मग 1500. बोट फिरवून बघा. डोळ्यांना न दिसलेली धार बोटाला लागते. त्यावर प्रायमर, मग चकचकीत काळा, आणि त्यावर चंदेरी रंगाचे अगदी पातळ हात. धातूचा रंग एकेक ओरखडा उघडा पाडतो, त्यामुळे या आधीच्या घासण्यात कंजुषी नको.

दिवे लावायचे असतील तर ते थाळ्या चिकटवण्याआधी ठरवा. पांढऱ्या एलईडीला 9 व्होल्टच्या बॅटरीवर 470 ओहमचा रेझिस्टर पुरतो. आतून आधी काळा रंग द्या, नाहीतर प्लॅस्टिकमधून उजेड झिरपतो आणि सगळी तबकडी कंदिलासारखी दिसते. काळ्यावर पांढरा दिला की उजेड आतल्या आत छान पसरतो. वायर स्टँडमधून खाली काढून बॅटरी बाहेरच ठेवा.

तबकडीवर गोल रेघा काढायच्या असतील तर मला सगळ्यात आवडणारी युक्ती अशी: केक सजवायच्या फिरत्या चकतीवर तबकडी बरोबर मधोमध ठेवा, टोकदार पेन्सिल एका जागी घट्ट टेकवा आणि चकती सावकाश फिरवा. हाताने अशी रेघ कधीच येणार नाही.

पारदर्शक घुमट शेवटी बसवा आणि त्याला फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद लावू नका, त्याच्या वाफेने आतून पांढुरका धूर धरतो. साधा फेव्हिकॉल लावा. वाळल्यावर तो दिसत नाही, आणि आतल्या वैमानिकाच्या छोट्या पुतळ्याला तुम्हाला पुन्हा रंगवावंसं वाटलं तर घुमट हलकेच सोडवताही येतो.