प्रायव्हेट ॲपसाठी झिरो ट्रस्ट: टनेल, पॉलिसी आणि उघडं राहिलेलं मागचं दार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमधल्या एका ईसीटू मशीनवर (भाड्याच्या सर्व्हरवर) डॉकरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या कंटेनरांत, ग्राफाना (आलेखांचा डॅशबोर्ड) आणि जँगोचं (पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कचं) ॲडमिन पॅनल चालतं, पंधरा जण घरून वापरतात, आज व्हीपीएन आणि परवानगी असलेल्या आयपी पत्त्यांची यादी आहे. ते काढून क्लाउडफ्लेअरचा टनेल (सर्व्हरपासून त्यांच्या नेटवर्कपर्यंतची जोडणी) आणि ॲक्सेस (ॲपच्या आधी माणूस तपासणारी सेवा) लावायचं आहे. टनेल लावला की काम झालं का?

नाही झालं. टनेल हा फक्त नवा रस्ता आहे. जुना रस्ता बंद होत नाही आणि आलेली प्रत्येक विनंती ॲप स्वतः तपासत नाही, तोवर त्याला झिरो ट्रस्ट, म्हणजे कोणावरही न तपासता विश्वास न ठेवणारी मांडणी, म्हणता येणार नाही. ही दोन कामं राहून जातात, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहितो.

आधी क्रम. डोमेनचे नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरकडे आहेत असं धरतो. पहिल्यांदा ॲक्सेसमध्ये ॲप्लिकेशन आणि पॉलिसी (कोणाला आत सोडायचं याचे नियम) तयार करा, टनेलवर होस्टनेम (ॲपचा वेब पत्ता) त्यानंतर जोडा. उलट केलंत तर मधल्या काही मिनिटांत ग्राफानाचं लॉगिन पान जगाला उघडं असतं, आणि नव्या ग्राफानाचं युजरनेम-पासवर्ड दोन्ही 'ॲडमिन' असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ॲप्लिकेशन पूर्ण होस्टनेमवर लावा. फक्त ॲडमिनच्या पाथवर लावलंत तर बाकीचे पाथ मोकळेच राहतात. होस्टनेम एकाच पातळीचं ठेवा. सबडोमेनच्या आत आणखी सबडोमेन केलंत तर फुकट मिळणारं सर्टिफिकेट ते झाकत नाही आणि ब्राउझर टीएलएसच्या चुकीवर थांबतो.

क्लाउडफ्लेअर्डी (सर्व्हरवर टनेल चालवणारा प्रोग्रॅम) बाहेरच्या दिशेनेच जोडणी करतो, पोर्ट ७८४४, क्विक प्रोटोकॉलसाठी यूडीपी आणि एचटीटीपी-२ साठी टीसीपी. म्हणून सिक्युरिटी ग्रुपमध्ये (एडब्ल्यूएसच्या फायरवॉलमध्ये) इनबाउंड नियम एकही लागत नाही. आउटबाउंड मात्र अनेक ठिकाणी फक्त ४४३ ला मोकळं असतं. तिथे टनेल उभाच राहत नाही आणि ब्राउझरमध्ये १०३३ ही चूक दिसते. टनेल जोडलेला असून ५०२ येत असेल, तर अडचण टनेल आणि ॲपच्या मधल्या टप्प्यात आहे. डॉकरवाल्यांचं यातलं नेहमीचं कारण एकच: क्लाउडफ्लेअर्डी स्वतः कंटेनरमध्ये असतो आणि सर्व्हिसच्या पत्त्यात लोकलहोस्ट लिहिलेला असतो. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तोच कंटेनर, तिथे ग्राफाना नाही. दोन्ही एका डॉकर नेटवर्कवर ठेवा आणि पत्त्यात डॉकरच्या कंपोज फाइलमधलं (कंटेनरांची मांडणी लिहिलेल्या फाइलमधलं) सर्व्हिसचं नाव द्या.

टनेलचं एकच टोकन (त्याची गुप्त किल्ली) वापरून त्याच डॉकर नेटवर्कवर आणखी एक क्लाउडफ्लेअर्डी चालवा, म्हणजे एक कंटेनर रीस्टार्ट होताना बाहेरचा रस्ता तुटत नाही. ते टोकन ज्याच्या हाती, त्याला तुमच्या नावाने टनेल चालवता येतो. म्हणून ते कंपोज फाइलमध्ये लिहून गिटमध्ये टाकू नका, एडब्ल्यूएसच्या सीक्रेट्स मॅनेजरमध्ये ठेवा.

आता पॉलिसी. 'इन्क्लूड'मधल्या अटींपैकी एक जुळली तरी पुरते, 'रिक्वायर'मधल्या सगळ्या जुळाव्या लागतात. कंपनीचं ईमेल डोमेन आणि 'देश: भारत' या दोन्ही अटी इन्क्लूडमध्ये टाकल्या, तर भारतातून लॉगिन करू शकणारा कोणीही आत येतो. ही चूक स्क्रीनवर अगदी बरोबर दिसते, म्हणून घातक आहे. ईमेल इन्क्लूडमध्ये, देश रिक्वायरमध्ये. दोन देश हवे असतील तर ते थेट रिक्वायरमध्ये लिहू नका, नाहीतर माणूस एकाच वेळी दोन्ही देशांत असावा लागेल. दोन्ही देशांचा रूल ग्रुप करून तो रिक्वायरमध्ये द्या. 'बायपास' तर शक्यतो वापरूच नका. त्यात तपासणीही नाही आणि नोंदही नाही.

ईमेलवरच्या पिनने लॉगिन सुरू करायला सोपं आहे, पिन दहा मिनिटं चालतो. 'पिन येतच नाही' अशी तक्रार आली की आधी पॉलिसी बघा: परवानगी नसलेल्या पत्त्यावर मेल जात नाही, पण स्क्रीनवर मात्र पाठवल्याचाच संदेश दिसतो. पंधरा जणांसाठीसुद्धा गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्टचं एंट्रा जोडून तिथे दुसरा टप्पा सक्तीचा करणं मला जास्त योग्य वाटतं. कोणी नोकरी सोडली की खातं एकाच जागी बंद करायचं. तरी हातातलं सेशन मुदत संपेपर्यंत जिवंत राहतं, आणि मूळ मुदत २४ तासांची आहे. खातं बंद करताना ॲक्सेसमधून त्या माणसाचं सेशनही रद्द करा, आणि ॲडमिन पॅनलची मुदत तासाभरावर आणा.

स्क्रिप्ट आणि सीआयसाठी (कोड आपोआप तपासून चढवणाऱ्या यंत्रणेसाठी) माणसाच्या लॉगिनऐवजी सर्व्हिस टोकन असतं. पॉलिसीची कृती 'अलाऊ' ठेवलीत तर स्क्रिप्टला लॉगिनच्या पानाकडे वळवणारा ३०२ मिळतो. तिथे 'सर्व्हिस ऑथ' हवं. टोकनची मूळ मुदत एक वर्ष असते. ती तारीख कॅलेंडरात नोंदवा, नाहीतर पुढच्या वर्षी याच सुमारास डिप्लॉय बंद पडेल आणि कारण कोणाला आठवणार नाही.

आता मागचं दार. कंपोज फाइलमध्ये ३०००:३००० असं लिहिलं की डॉकर तो पोर्ट मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर उघडतो. मशीनवर यूएफडब्ल्यूने (लिनक्सच्या फायरवॉलने) तो बंद केला असेल तरीही, कारण डॉकरचे आयपीटेबल्स नियम यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातात. १२७.०.०.१:३०००:३००० असं लिहा, किंवा क्लाउडफ्लेअर्डी त्याच नेटवर्कवर असेल तर पोर्ट उघडूच नका. मग सिक्युरिटी ग्रुपमधून ८०, ४४३, ३००० काढा. २२ (एसएसएचचा) सुद्धा काढा, मशीनवर जाण्यासाठी एडब्ल्यूएसचा सेशन मॅनेजर पुरतो. झाल्यावर मोबाइल डेटावरून जुन्या इलॅस्टिक आयपीवर (मशीनच्या कायम सार्वजनिक पत्त्यावर) होस्ट हेडर देऊन कर्ल (विनंती पाठवणारी कमांड) चालवा. टाइमआउट यायला हवा. ४०३ किंवा ३०२ आला तरी दार उघडंच आहे. हीच चाचणी व्हीपीसीमधल्या (तुमच्या एडब्ल्यूएसमधल्या खासगी नेटवर्कमधल्या) दुसऱ्या मशीनवरून, प्रायव्हेट आयपीवर पुन्हा करा. ही दुसरी चाचणी सहसा कोणी करत नाही.

आणि ॲपची स्वतःची तपासणी. ॲक्सेस प्रत्येक विनंतीबरोबर 'सीएफ-ॲक्सेस-जेडब्ल्यूटी-असर्शन' या हेडरमध्ये सही केलेलं टोकन (जेडब्ल्यूटी) पाठवतो, आणि ईमेलचं एक वेगळं हेडरही. नुसत्या ईमेलच्या हेडरवर विश्वास ठेवू नका. ॲपपर्यंत थेट पोचलेला कोणीही ते हाताने लिहून पाठवू शकतो. टोकनची सही, जारी करणारा, मुदत आणि ऑडियन्स (ते कोणत्या ॲपसाठी आहे) या चारही गोष्टी तपासा. ऑडियन्स सोडलंत तर तुमच्याच खात्यातल्या दुसऱ्या, सैल पॉलिसीच्या ॲपचं टोकन इथे चालून जातं. सही तपासायची पब्लिक की कोडमध्ये चिकटवू नका, ती दर सहा आठवड्यांनी बदलते. तुमच्या टीम डोमेनच्या सर्ट्स पत्त्यावरून घ्या आणि कॅशे करा.

ग्राफानात जेडब्ल्यूटी लॉगिनची सोय आहेच: हेडरचं नाव, कीचा पत्ता, ईमेलचा क्लेम (टोकनमधली नोंद) आणि अपेक्षित क्लेम भरले की दुसरा पासवर्ड लागत नाही. की आणायला ग्राफानाला बाहेर ४४३ लागतो, आउटबाउंड आवळताना तो विसरू नका. जँगोत हे काम मिडलवेअरमध्ये (प्रत्येक विनंती आधी ज्यातून जाते त्या कोडमध्ये), पायजेडब्ल्यूटी लायब्ररीने होतं. क्लाउडफ्लेअर्डी आतल्या टप्प्यावर साधं एचटीटीपी बोलत असेल, तर जँगो ४.० पासून लॉगिनचा फॉर्म सीएसआरएफच्या (परक्या साइटवरून आलेले फॉर्म अडवणाऱ्या तपासणीच्या) ४०३ वर अडतो, कारण ब्राउझरचं ओरिजिन एचटीटीपीएस असतं. सीएसआरएफच्या विश्वासू ओरिजिनच्या यादीत एचटीटीपीएससकट पूर्ण पत्ता लिहा. नुसतं डोमेन आता चालत नाही.

दुसऱ्या डोमेनवरून या ॲपचा एपीआय बोलावत असाल तर ब्राउझर आधी परवानगी विचारायला पाठवतो त्या ऑप्शन्सच्या विनंतीबरोबर कुकी जात नाही आणि ॲक्सेस ती अडवतो. ॲप्लिकेशनच्या सीओआरएस (दुसऱ्या डोमेनला परवानगी देण्याच्या) सेटिंगमध्ये ऑप्शन्स थेट ॲपकडे जाऊ द्या.

एक गोष्ट निर्णयाआधी बघा. या मांडणीत टीएलएस क्लाउडफ्लेअरकडे उघडतं, म्हणजे मजकूर त्यांच्या यंत्रणेतून उघडा जातो. ग्राहकाशी झालेल्या करारात ते चालत नसेल तर एडब्ल्यूएसचं व्हेरिफाइड ॲक्सेस घ्या. पॉलिसी तिथे सीडर भाषेत लिहावी लागते, पण सिक्युरिटी ग्रुप आवळणं आणि ॲपने टोकन तपासणं ही दोन्ही कामं तिथेही तुमच्याकडेच राहतात.

व्हीपीएन लगेच काढू नका. आधी दोन-तीन जणांना नव्या रस्त्यावर आणा, ॲक्सेसच्या नोंदींत पंधराही जणांची लॉगिन दिसली की मग व्हीपीएनचा सर्व्हर बंद करा आणि त्याचे सिक्युरिटी ग्रुप व इलॅस्टिक आयपीही सोडून द्या.